ड्रॅगन फ्रूटच्या बागेत रात्रीचे एलईडी, पाच महिने वापरल्यावर

मंगळवेढ्याजवळ आमची अर्धा एकर ड्रॅगन फ्रूटची बाग आहे, चौथं वर्ष चालू. ऑक्टोबरच्या मध्यात सगळ्या ओळींवर 15 वॅटचे 120 एलईडी बल्ब लावले, आता मार्च संपत आलाय.

आधी कशासाठी लावले ते सांगतो. ह्या झाडाला कळी धरायला दिवस मोठा लागतो, खरं म्हणजे रात्र लहान लागते. आपल्याकडं जूनमध्ये दिवस 13 तासांचा न डिसेंबरात 11 चा, म्हणून थंडीत बाग गप्प बसते. मध्यरात्री उजेड पाडला की लांब रात्रीचे दोन तुकडे होतात आणि झाडाला वाटतं उन्हाळा आला. म्हणून टायमर रात्री 10 ते 2 चा लावला, रोज साधारण 7 युनिट जातात.

पहिले 25 दिवस काहीच नाही. अण्णा रोज सकाळी चक्कर मारून यायचे पण एक शब्द बोलायचे नाहीत, ते मला जास्त लागायचं. मग कळ्या दिसल्या, न कुठं दिसल्या ते महत्त्वाचं, कारण शेवटच्या ओळीत होल्डरमध्ये पाणी जाऊन 8 बल्ब सुरुवातीपासून बंद होते आणि झाडं ज्यावर चढवलीत त्यातल्या बरोबर तेवढ्याच खांबांवर एक पण कळी नाही. तिथं माझी खात्री पटली.

अर्ध्या ओळींना लाल ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचे खास बल्ब होते, अर्ध्यांना साधे पिवळसर. लालवाल्यांना कळ्या थोड्या जास्त, पण बल्ब तिप्पट महाग, मला काय ते परवडलं नाही. व्होल्टेज चढून 19 बल्ब गेले, स्टॅबिलायझर आधीच घ्यायला पाहिजे होता.

फूल रात्रीच उमलतं, त्यात थंडीत किडे-माश्या कमी, त्यामुळं 9 नंतर मी न बायको डोक्याला बॅटरी लावून ब्रशनं परागकण फिरवत होतो, हे काम कुणी मोजत नाही. फळ एरवी महिन्याभरात तयार होतं, ह्यावेळी दीड महिना लागला न वजन पण कमीच. तरी भाव सीझनच्या दुप्पट मिळाला म्हणून खर्च निघाला. दुसरा बहार मात्र मी मुद्दाम धरला नाही, फांद्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या, शेणखत घालून झाडाला विश्रांती दिली. तीन वर्षांच्या आतल्या बागेवर तर हे करूच नका, झाड बसेल.

एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. बांधापलीकडं आमचीच मालदांडी ज्वारी आहे, तिला उलट लांब रात्रच लागते. उजेडाकडच्या चार ओळी कणसावर यायला लई मागं पडल्या, बाकी रान पोटरीतनं निसवलं तरी ह्या नुसत्या वाढतच होत्या. शेजारच्याची ज्वारी असती तर काय तोंड दाखवलं असतं. पुढच्या ऑक्टोबरला बांधाकडच्या बल्बांवर पत्र्याच्या टोप्या बसवणार, अण्णांनी जुने तेलाचे डबे कापायला घेतलेत.