रेंज नसलेल्या गावात फोनवर मांगा: वर्षभराच्या वापरानंतर, आणि जोडपानाबद्दल जरा जास्तच

फोन सर्व्हिस सेंटरमधून परत आला तेव्हा आत नवा बोर्ड होता आणि मेमरी कोरी. पैसे भरून एका अधिकृत वाचन-ॲपमध्ये उतरवून ठेवलेले मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथांचे, सगळे खंड गेले. मेमरी कार्डावर मी स्वतः ठेवलेल्या फाइली मात्र पानापानासकट जागेवर होत्या, वाचत आलो होतो त्या भागाच्या पुढचं पानसुद्धा दोन मिनिटांत उघडलं. हा फरक इतका लख्ख दिसला की आता लिहून टाकतो.

फोनच्या कॅमेऱ्याबद्दल, प्रोसेसरबद्दल काही लिहीत नाही, ते सगळीकडे आहे. माझा फोन ६.७ इंची, उंची-रुंदीचं प्रमाण २०:९, ॲमोलेड पडद्याचा, कार्डाची खाच असलेला. वाचायला मिहोन हे ॲप. टाचियोमी हे ॲप जानेवारी २०२४ मध्ये कायदेशीर दबावामुळे बंद पडलं, त्याच कोडवरून हे पुढे आलं. मी त्यात बाहेरचे कुठलेही स्रोत जोडलेले नाहीत. फक्त माझ्या फाइली.

मी औषध निर्माता आहे, नोकरी बामणोली बाजूच्या एका आरोग्य केंद्रात. साताऱ्याहून समर्थ मंदिर ओलांडून यवतेश्वरचा घाट चढलो की रेंजच्या काड्या कमी व्हायला लागतात, कास ओलांडल्यावर तर बोलायलाच नको. पावसाळ्यात तिकडे मुक्काम करावा लागतो. ओपीडी संपली की संध्याकाळ मोठी असते, लाइट असेलच असं नाही, आणि शिवसागरावरून येणारं धुकं खिडकीपर्यंत. भाच्याने मांगाची गोडी लावली ती अशा संध्याकाळींसाठी फार योग्य ठरली. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लागायला वेळ लागत नाही, पहिल्या खंडाच्या अर्ध्यातच डोळे वळतात.

सुरुवात अधिकृत ॲपने केली. महिन्याचं वर्गणीचं पॅकेज, डाउनलोडची सोय, चित्रं उत्तम. साताऱ्यात घरच्या वायफायवर रविवारी उतरवून घ्यायचं आणि सोमवारी वर जायचं. हे काही आठवडे छान चाललं. मग आषाढात मुक्काम लांबला, रस्त्यावर दरड आली होती, आणि एका रात्री ॲप म्हणालं की पुढे वाचण्यासाठी इंटरनेटशी जोडा. खंड फोनमध्ये, वर्गणी भरलेली, बॅटरी भरलेली, आणि वाचता येत नाही. ही ॲपं ठराविक मुदतीने सर्व्हरला विचारून खात्री करून घेतात की वर्गणी अजून चालू आहे. शहरात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ज्याला रेंज नाही म्हणूनच डाउनलोड हवंय, नेमकं त्यालाच हे अडवतं. ग्राहक सेवेला मेल केला, त्यांचं उत्तर आलं की 'नियमितपणे ऑनलाइन येत राहा'. मी त्यांना कासच्या पुढचा नकाशा पाठवला. त्यावर उत्तर नाही.

तेव्हापासून मी सीबीझेडकडे वळलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी एवढंच: सीबीझेड म्हणजे पानांच्या चित्रांची झिप फाइल, बाकी काही नाही. कुठल्याही ॲपमध्ये उघडते, कुणाला विचारत नाही. मिहोनला साठवणीची जागा म्हणून कार्डावरचं फोल्डर दाखवायचं, त्यात 'लोकल' नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक मालिकेचं वेगळं फोल्डर, आणि त्यात खंडांच्या फाइली. पानांना नावं देताना ००१, ००२ असं शून्य लावून द्या, म्हणजे फाइल दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये नेली तरी क्रम बिघडत नाही. कार्ड घालताना फोनने विचारलं तर ते पोर्टेबल म्हणूनच ठेवा. अंतर्गत मेमरी म्हणून जोडलं तर कार्ड त्याच फोनपुरतं कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होतं, आणि फोन फॉरमॅट झाला की कार्डावरचं सगळं गेलंच म्हणून समजा. माझं वाचलं ते एवढ्या एका गोष्टीमुळे.

फाइली आणायच्या कुठून, हा खरा प्रश्न. 'टेलिग्रामवर सगळं मिळतं' हे मला सगळ्यांनी सांगून झालं आहे. मला ते नको. जो माणूस आठवड्याला अठरा-वीस पानं रेखाटतो त्याच्या हातचं चोरून वाचण्यात मला रस नाही. माझ्याकडे दोन वाटा आहेत. एक, पुण्याहून विकत घेतलेले छापील खंड मी स्वतःपुरते स्कॅन केले. दुसरी वाट फार मोलाची. शुहो सातो यांची 'गिव्ह माय रिगार्ड्स टू ब्लॅक जॅक' ही डॉक्टरांवरची मालिका. ती २००२ पासून कोदान्शा या जपानी प्रकाशनाच्या 'मॉर्निंग' साप्ताहिकात येत होती, एकूण १३ खंड. सातोंनी सप्टेंबर २०१२ पासून तिचा पुनर्वापर सगळ्यांना मोकळा करून टाकला. परवानगी नको, पैसे नकोत. नवशिका डॉक्टर साइतो रात्रपाळीच्या अपघात विभागात उभा राहतो तिथून सुरुवात होते, मग नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, कॅन्सर, मानसोपचार. आमच्या सिस्टर इंग्रजी फारसं वाचत नाहीत, पण नवजात बाळांच्या भागातली पानं मी त्यांना दाखवली तेव्हा त्या शब्दांशिवाय ती पाहत राहिल्या. 'हा माणूस वॉर्डात बसून काढतोय बघा,' म्हणाल्या.

आता जोडपान, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र. इथून पुढे मी याच्याबद्दलच बोलणार आहे, कारण फोनवर मांगा वाचणं जमतं की नाही हे माझ्या मते इथेच ठरतं.

बी-सिक्स आकाराचा खंड म्हणजे एक पान १२.८ बाय १८.२ सेंटिमीटर. माझा फोन उभा धरला तर पडदा सुमारे ७ बाय १५.५. साधं पान रुंदीला बसवलं की ते ७ बाय १० होतं, वर-खाली काळी पट्टी राहते. निम्म्याहून थोडं मोठं. फुग्यांमधली अक्षरं बारीक होतात पण वाचता येतात. पण लेखक जेव्हा दोन समोरासमोरच्या पानांवर एकच चित्र पसरतो, तेव्हा ते २५.६ सेंटिमीटर रुंद असतं. ते फोनवर ७ बाय ५ चं होतं. पोस्टाच्या तिकिटावर काढलेला ऑपरेशन थिएटर. आणि मांगाकार जोडपान उगाच वापरत नाही. पानं उलटत उलटत वाचक जिथे थांबायला हवा, श्वास रोखायला हवा, तिथेच तो ते टाकतो.

दिवाळीत याच अनुभवाचा मसुदा लिहून ठेवला होता. त्यात मी स्पष्ट लिहिलं होतं: 'जोडपानासाठी फोन निरुपयोगी आहे, ज्याला मांगा नीट वाचायची त्याने टॅब घ्यावा.' ते तेव्हाच्या उपायांवरून खरंही होतं. पहिला उपाय फोन आडवा करण्याचा. पण २०:९ चा फोन आडवा केला की उंची उरते ७ सेंटिमीटर. जोडपान त्यात बसवलं तर जेमतेम ९.८ बाय ७. उभ्यापेक्षा थोडंच मोठं, आणि अंथरुणात पडून वाचताना दर वेळी फोन फिरवायचा. दुसरा उपाय ॲपने जोडपान मधोमध कापून दोन पानं करण्याचा. यात उजवा अर्धा आधी यायला हवा. डावा आधी आला तर ती बाजू उलटवण्याचा पर्याय वेगळा आहे. पण क्रम बरोबर असला तरी चित्र तुटतंच. साइतो उजव्या पानावर हात पुढे करतो आणि ज्याच्याकडे करतो तो माणूस पुढच्या पानावर. मधली जागाच नाहीशी. मी ते असंच वाचत होतो आणि चिडत होतो.

ते मत आता मी मागे घेतो, कारण ते कापणं बंद केल्यावर चित्र पार बदललं. तुकडे करण्याचा पर्याय बंद, पान 'फिट स्क्रीन'ला, आणि रुंद चित्र मोठं करून दाखवण्याचा पर्याय चालू. आता साधी पानं होती तशीच येतात. पण जोडपान आलं की ते फोनच्या पूर्ण उंचीला भरतं. १५.५ सेंटिमीटर! छापील खंडाच्या १८.२ च्या जवळ जवळ. उजव्या कडेपासून उघडतं आणि बोट लावलं की डावीकडे सरकत जातं, चित्र संपलं की मगच पान उलटतं. म्हणजे ज्या पानाला फोनवर सर्वांत कमी जागा मिळत होती तेच आता सर्वांत मोठं दिसतं. एका नजरेत पूर्ण चित्र दिसत नाही, एक तृतीयांशच दिसतं, हे खरं. पण रुग्णवाहिकेच्या उघड्या दारापासून सुरू होऊन कॉरिडॉरभर नजर सरकत जाते आणि शेवटी तो डॉक्टर दिसतो, ही मजा मला छापील पुस्तकातसुद्धा अशी मिळाली नव्हती. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी तो भाग सुरुवातीपासून पुन्हा वाचला. तर टॅबचा सल्ला रद्द. पैसे वाचवा.

यासाठी फाइल मात्र चांगली हवी. साध्या पानाला १०८० पिक्सेल रुंदी पुरते, तेवढाच पडदा आहे. पण जोडपान पूर्ण उंचीला ताणायचं तर उंची २४०० पिक्सेलच्या आसपास हवी. नाहीतर रेषा मऊ होतात. स्कॅन करताना जागा वाचवायला मी पानं छोटी करत होतो, आता करत नाही. करड्या रंगातला जेपीजी असेल तर एक खंड शंभर-दीडशे एमबीत बसतो, आणि ६४ जीबीच्या कार्डावर अशी कित्येक वर्षांची वाचनसामग्री मावते. शिवाय मांगातली सावली ही बारीक ठिपक्यांच्या जाळीची असते. ती जाळी लहान करताना पडद्याच्या पिक्सेलच्या जाळीशी जुळत नाही आणि करड्या जागेवर लाटांसारख्या रेषा उमटतात. मोठ्या फाइलमध्ये झूम केलं की त्या जातात.

बाकीचं थोडक्यात. आवाजाच्या बटणांनी पान उलटण्याची सोय एसटीत फार कामाची, एक हात दांडीला असतो. घाटात मात्र वाचू नका, कास पठारापर्यंत थांबा. रात्री पांढरं पान डोळ्यांना लागतं म्हणून काही जण रंग उलटे करतात. कृपा करून करू नका, चेहरे एक्स-रेसारखे होतात. ॲपमध्ये उजेड फोनच्या किमानपेक्षाही खाली नेता येतो, तो न्या. आणि जिथे रेंज येत-जात असते तिथे फोन सतत टॉवर शोधत बॅटरी खातो. ड्युटी नसताना विमान मोड लावून वाचलं की लाइट नसलेली रात्रसुद्धा निघते.

सर्व्हिस सेंटरचं सांगायचं राहिलं. फोन एकाएकी बंद पडला, चार्जिंगही घेईना. साताऱ्यातल्या केंद्रात दिला तर काउंटरवरच्या मुलाने उघडूनही न पाहता सांगितलं, 'बामणोलीला असता ना, मग ओल गेली असणार, वॉरंटी लागणार नाही.' बोर्डाचे पैसे सांगितले ते ऐकून मी थंडच पडलो, त्यात नवा फोन आला असता. सिमच्या खाचेत ओल ओळखणारी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल होते. माझी पांढरी होती. ती त्याला टॉर्च लावून दाखवली, फोटो काढला, लेखी नकार मागितला. लेखी मागितल्यावर साहेब आतून आले. तीन फेऱ्या आणि बऱ्याच फोननंतर वॉरंटीतच बोर्ड बदलून मिळाला. तुमच्यावर वेळ आली तर तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. आणि फोन देण्याआधी कार्ड काढून खिशात ठेवा.

परत आल्यावर अधिकृत ॲपमध्ये लॉगिन केलं तर म्हणे उपकरणांची मर्यादा संपली, जुना फोन अजून जोडलेला आहे. तोच फोन, बोर्ड नवा. वर्गणी बंद केली. छापील खंड चारशे-साडेचारशेला पडतो, महागच आहे. पण तो माझ्याकडे राहतो आणि स्कॅन करून कार्डावरही जातो. आता दर पगाराला एक.

एक काम अजून अंगावर आहे. बऱ्याच फाइलींमध्ये जोडपान आधीच दोन सुट्या पानांच्या रूपात साठवलेलं असतं, त्यामुळे ॲपला ते रुंद चित्र म्हणून ओळखताच येत नाही. माझ्या स्कॅनमध्येही तसंच आहे, शिवाय शिवणीतला मधला पट्टा पुस्तकाच्या घडीत गेलेला. म्हणून सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवर बसून ती जोडतोय. आधीच्या क्रमांकाचं पान उजवीकडे, नंतरचं डावीकडे, मधली पांढरी कड कापायची, मग नव्या फाइलला आधीच्या पानाचाच क्रमांक द्यायचा आणि दुसरी काढून टाकायची. सातोंच्या मालिकेचे कॅन्सरच्या भागापर्यंतचे खंड झाले आहेत. मानसोपचाराचे राहिलेत. ते पावसाळ्याआधी संपवायचे आहेत.