अ‍ॅम्बॅसेडरच्या नसलेल्या सीलचे १४,५०० रुपये

मी ४१,४६० रुपयांना फसलो. आकडा आधीच सांगतो, कारण घरात आणि जुन्या सहकाऱ्यांत मी तो आजवर दर वेळी काही हजारांनी कमी करून सांगत आलो आहे. ज्या माणसाने ३१ वर्षे लेखापरीक्षणात घालवली, दुसऱ्यांच्या बिलांतील खोटी कलमे शोधण्याचाच पगार घेतला, त्याने स्वतः असले बिल भरावे याची लाज किती वाटते हे लिहून सांगता येणार नाही.

गाडी १९७४ ची अ‍ॅम्बॅसेडर मार्क टू. वडिलांनी घेतलेली, १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन मूळचेच. रात्री उभी केली की सकाळी इंजिन आणि गियरबॉक्स जिथे जुळतात तिथे, बेल हाउसिंगखाली, फरशीवर तेलाचा रुपयाएवढा डाग दिसे, आणि दोन वर्षांत तो ताटलीएवढा झाला. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी गुडघ्यांमुळे काम सोडल्याने मी ४२ किलोमीटरवरच्या, जुन्या गाड्यांसाठी नाव असलेल्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथे दोन फियाट आणि एक विलीज जीप उभ्या होत्या, आणि त्या पाहून मला जो विश्वास वाटला तो आज आठवला तरी संताप येतो, कारण त्या गाड्या दुरुस्त होऊन परत जातात की नाही हे मी कोणालाही विचारले नाही.

मालकाने टॉर्च घेऊन दोन मिनिटे खाली डोकावून निदान केले, “साहेब, क्रँकचा मागचा सील गेला.” क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, आणि सील म्हणजे त्याच्या टोकाशी तेल अडवणारी रबरी कडी. खर्च ८,५०० सांगितला आणि ५,००० आगाऊ घेतले. इंजिन न धुता, तेल नेमके कुठून सुरू होते हे न पाहता जो केवळ डागाच्या जागेवरून निदान करतो, त्याच्याकडून गाडी तिथेच परत घ्या. इंजिन रॉकेलने धुऊन, वाळवून, संशयाच्या जागांवर पावडर भुरभुरून दहा किलोमीटर फिरवले, की तेलाची वाट उघड दिसते. हे मला तेव्हाही माहीत होते.

पुढचा प्रकार वाचकांच्या परिचयाचाच आहे. “इंजिन उतरवले आहे” असा फोन आला की आपण ओलीस असतो. क्रँक लेथवर पॉलिश करावी लागेल, ९,०००. उघडलेच आहे तर क्लचप्लेट बदला, ४,२००. चार लिटर तेल, १,९६०. शेवटी उरलेली मजुरी ६,८००. आणि मधोमध, “इंग्लंडहून मागवलेला” सील, १४,५०० रुपये, रोख.

त्या सीलपाशी मला थांबावेच लागेल. मी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतला नवा, चकचकीत रबरी सील माझ्या हातात दिला आणि शेजारी एक काळा, कडक झालेला, ओठ फाटलेला सील ठेवून म्हणाला, “हा तुमच्या इंजिनातून काढला.” मी तो उलटसुलट करून पाहिला, मान डोलावली आणि पैसे मोजले. आता ऐका. हे बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीज बनावटीचे, क्रँकला तीन मेन बेअरिंगचा आधार असलेले इंजिन आहे आणि त्याच्या मूळ रचनेत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतोच. तिथे क्रँकवरच मळसूत्रासारखे आटे कोरलेले असतात, जे फिरताना तेल इंजिनाच्या तळाच्या चेंबरकडे परत ढकलतात, आणि म्हणूनच ही इंजिने उभी राहिल्यावर थोडे तेल टिपकवतात. जो भाग माझ्या इंजिनात कधी नव्हताच, तो फाटलेल्या अवस्थेत माझ्या तळहातावर होता! आणि ही माहिती ज्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आहे, ते वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणांसह त्याच गाडीच्या डिकीत, माझ्यापासून दहा पावलांवर पडलेले होते.

माझ्या बाजूने एवढेच म्हणतो, की आत्मविश्वासाने हातात ठेवलेल्या वस्तूवर माणूस विश्वास ठेवतो; कागदावर नुसते “सील” लिहिले असते तर मी नक्की प्रश्न विचारला असता. शिवाय पत्नीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख त्याच आठवड्यात होती. ही सबब आहे हे मला कळते, पण ती खरीही आहे.

गाडी संध्याकाळी, दिवे लागल्यावर ताब्यात दिली गेली, तीही वरून धुऊन. तीन दिवस डाग पडला नाही, चौथ्या दिवशी पुन्हा तोच. आमच्या मिस्त्रींना हातापाया पडून बोलावले. त्यांनी बसल्याबसल्याच मुलाला खाली सरकवून बेल हाउसिंगचे बोल्ट पाहायला लावले. त्यांवर अनेक वर्षांचा चिकट, काळा थर जसाच्या तसा होता, एकाही बोल्टला पाना लागल्याची खूण नव्हती. गियरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील काढल्याशिवाय क्रँकच्या मागच्या टोकाशी हात पोहोचत नाही, म्हणजे इंजिन उतरलेच नव्हते आणि क्लचप्लेटही जुनीच होती. तेल गळत होते ते इंजिनाच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली असलेल्या टॅपेटच्या साइड कव्हरच्या कॉर्क गॅस्केटमधून, म्हणजे झाकणाखालच्या बुचाच्या पट्टीतून. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप चोंदल्याने आतला दाब वाढून तेल तिथून बाहेर पडे आणि ब्लॉकवरून ओघळत मागे जाऊन टिपके. गॅरेजवाल्याने त्या कव्हरवर बाहेरून सिलिकॉन फासले होते, तेवढेच तीन दिवस टिकले. दोन कॉर्क गॅस्केट २४० रुपये, मॅनिफोल्डचे गॅस्केट १५०, मजुरी १,८००. एकूण २,१९० रुपयांत गळती थांबली. गाडी घ्यायला जाल तर दिवसा जा आणि काढले म्हणतात ते बोल्ट बोटाने पुसून पाहा.

मग मी पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदारांनी विचारले, “गाडी मिळाली ना? चालते ना? मग फसवणूक कसली?” मी बोल्टचे फोटो दाखवले, तर ही दिवाणी बाब आहे असे सांगण्यात आले. दुसऱ्या खेपेस साहेब बंदोबस्तावर होते, तिसऱ्या खेपेस माझा अर्ज सापडेना, आणि चौथ्या खेपेस एकाने हसून विचारले, की एवढी जुनी गाडी ठेवायचीच कशाला. चारशे वीस कलमाच्या जागी भारतीय न्याय संहितेचे ३१८ आले, पण टेबलापलीकडचा चेहरा तोच राहिला. माझ्या वडिलांची गाडी ठेवावी की नाही हा प्रश्न कायद्याच्या कोणत्या कलमाखाली येतो, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. अर्जाच्या पोचेचा शिक्का अजून मिळायचा होता म्हणून गप्प बसलो. परिवहन कार्यालयात गॅरेजशी आमचा संबंध नाही हे उत्तर मिळाले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक तत्परतेने मिळाला आणि काही आठवड्यांनी समोरच्याने प्रतिसाद न दिल्याचे कळवून तक्रार तितक्याच तत्परतेने बंद झाली. जणू प्रतिसाद देणारा माणूस असता तर मी तिथे फोन केला असता!

उरला जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे दुःख उगाळत बसू नका. माझी तक्रार दाखल आहे, तीन तारखा झाल्या, समोरचा एकदाही आला नाही. पण माझ्या हातात पुरावा २०,१६० रुपयांचाच आहे, कारण तेवढेच मी फोनवरून पाठवले होते. २१,३०० रोख दिले आणि पावती “नंतर देतो”वर सोडली. पावती मागताना ज्याला संकोच वाटतो, त्याने गाडी गॅरेजमध्ये नेऊच नये, आणि हे वाक्य मी स्वतःला उद्देशून लिहितो आहे.

तो काळा, फाटका सील माझ्याकडेच आहे; प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून त्यानेच तो मला सोबत दिला होता. पुण्यात नाना पेठेतल्या एका सुट्या भागांच्या दुकानदाराला दाखवला, तर तो ट्रॅक्टरचा असावा असे त्याने सांगितले. पुढच्या तारखेला मी तो सील घेऊन जाणार आहे.