रात्रीच्या लाइनीत ऐकलेलं ‘स्प्रिंग’

मोर्शी तालुक्यातल्या एका गावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. संत्र्याच्या बगीच्यांना पाणी द्यायची थ्री फेज लाइन आमच्याकडे बरेचदा रात्रीचीच असते. लाइन आली की एखादा फेज उडतो, कुणाची तरी मोटर जळते आणि माझा फोन वाजतो. म्हणून मी उशिरापर्यंत दुकानातच असतो. मागच्या खोलीत सीडी प्लेअर, जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर मांडलेत. व्होल्टेज पडलं की प्लेअर मधेच थांबायचा, तर त्याला स्वतः वाइंड केलेला स्टॅबिलायझर लावला. आता 170 पर्यंत उतरलं तरी गाणं तुटत नाही.

ज्या सीडीबद्दल लिहितोय ती मी या खोलीत, महिनाभरात निदान वीस वेळा ऐकली आहे.

‘स्प्रिंग’ हा इंग्लंडमधल्या लेस्टरचा बँड. 1971 मध्ये आरसीएच्या निऑन या लेबलवर त्यांचा अल्बम आला, नावही ‘स्प्रिंग’च. खपला नाही, बँड मोडला, आणि मग पुढच्या काळात त्याच एलपीसाठी, म्हणजे मोठ्या तबकडीसाठी, लोक वणवण करू लागले. आज मूळ एलपी शेकडो पौंडांना जाते. मी घेतली ती एसोटेरिक रेकॉर्डिंग्जची दोन सीडींची आवृत्ती. एसोटेरिक म्हणजे चेरी रेड कंपनीचं लेबल, 2007 मध्ये सुरू झालेलं. जुने, बाजारातून गेलेले प्रोग्रेसिव्ह रॉकचे, म्हणजे लांब, वळणावळणाच्या रचनांच्या रॉकचे, अल्बम शोधून पुन्हा काढणं हेच त्यांचं काम.

पार्सल यायला पाच आठवडे लागले. पोस्टमन भाऊ दुकानात आले तेव्हा माझ्या दोन्ही हातांना वार्निश. “परदेशातलं पार्सल आहे बाप्पा, कस्टमचे पैसे भरा लागते,” म्हणाले. भरले. वाटेत कुठंतरी प्लॅस्टिकची केस कोपऱ्यात तडकली होती, पण दोन्ही सीडींना ओरखडा नव्हता. केस काय, दुसरी टाकता येते.

या अल्बमचं सगळं नाव मेलोट्रॉनमुळे झालं. बँडमधले तिघं जण ते वाजवायचे: गायक पॅट मोरान, गिटारवाला रे मार्टिनेझ आणि कीबोर्डवाला किप्स ब्राउन. ज्यांनी मेलोट्रॉन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला ते पेटीसारखं कीबोर्डचं वाद्य, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एकेक फीत. त्या फितीवर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा, नाहीतर गाणाऱ्या माणसांचा एकच सूर रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की फीत हेडवरून सरकते आणि सूर वाजतो. सोडली की स्प्रिंग तिला मागे खेचते. एम-400 या मॉडेलला अशा 35 पट्ट्या असतात. फीत साधारण आठ सेकंदांची. त्यापुढे सूर संपतो, मग बोट उचलून पुन्हा दाबायचं.

मी आयुष्यभर टेपरेकॉर्डर आणि मोटरी उघडत आलो, त्यामुळे हे ऐकताना मला फीत सरकताना दिसते. ‘द प्रिझनर’ या पहिल्याच गाण्यात व्हायोलिनचा तो थवा उठतो तेव्हा त्यात किंचित थरथर आहे. ती मोटरच्या गतीची थरथर आहे. आपली पेटी भात्याच्या श्वासावर चालते, मेलोट्रॉन आठ सेकंदांच्या श्वासावर. आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले काका एकदा मोटर घेऊन आले होते, त्यांना मी हे ऐकवलं. डोळे मिटून बसले. गाणं संपल्यावर म्हणाले, “याले भाता नाही, पण दम आहे.” माझ्या वडिलांसोबत राष्ट्रसंतांच्या भजनांना पेटी वाजवलेला माणूस आहे, वडील खंजिरीवर असायचे. त्यांचं मत मी कुठल्याही समीक्षकाच्या वर धरतो.

हा अल्बम वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत रेकॉर्ड झाला. रॉकफील्ड म्हणजे मुळात वॉर्ड भावांचं शेत. दूधदुभत्याच्या घरच्या शेतावर त्यांनी 1960 च्या दशकात स्टुडिओ उभा केला, आणि बँडवाले तिथंच राहून काम करायचे. निर्माता गस डजन, ज्याने डेव्हिड बोवीचं ‘स्पेस ऑडिटी’ केलं होतं आणि एल्टन जॉनचे अल्बम केले. ड्रमर पिक विदर्स पुढे डायर स्ट्रेट्स या बँडमध्ये गेला. ‘शिपरेक्ड सोल्जर’मध्ये त्याने पलटणीच्या चालीवर ड्रम धरलाय. काठी कातड्यावर पडल्यावरचा टणत्कार या सीडीत इतका कोरडा आणि जवळचा येतो की मी पहिल्यांदा दाराकडे पाहिलं होतं.

आता रीइश्यूचं, म्हणजे जुना अल्बम पुन्हा काढण्याचं, खरं. कुठलाही जुना अल्बम सीडीवर आणताना पहिला प्रश्न असतो, आवाज घेतला कशावरून? स्टुडिओत तयार झालेल्या मूळ मास्टर टेपवरून, टेपच्या कॉपीवरून, की कुणाच्या तरी घरातल्या एलपीवरून?

1990 च्या दशकात अमरावतीला पॉलिटेक्निकला असताना माझ्या खोलीतल्या मित्राकडे किंग क्रिम्सन या बँडच्या पहिल्या अल्बमची कॅसेट होती. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. प्रत्येक कॉपीला सळसळ वाढत जाते आणि वरचे सूर मरत जातात. मला वाटायचं तो अल्बमच असा धुक्यातला आहे. खूप पुढे कळलं की 1969 च्या त्या अल्बमची पहिल्या पिढीची मास्टर टेप अनेक वर्षं सापडतच नव्हती आणि खुद्द कंपनीच्या सीडीसुद्धा कॉपीवरून निघत होत्या. टेप सापडल्यावर 2004 मध्ये तिच्यावरून आवृत्ती निघाली. ती ऐकली त्या रात्री मी एकविसाव्या वर्षी ऐकलेलं सगळं नव्याने ऐकलं. तेव्हापासून रीइश्यू घेताना मी आधी टेपची चौकशी करतो.

टेपचं आणि माझ्या धंद्याचं एक नातं आहे. सत्तरच्या दशकातल्या काही कंपन्यांच्या टेपमधलं चिकटद्रव्य वर्षानुवर्षं हवेतली ओल पीत राहतं. अशी टेप मशीनवर लावली तर ती हेडला चिकटते आणि तिच्यावरची भुकटी, म्हणजे गाणंच, खरवडून निघतं. म्हणून वाजवण्याआधी ती पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास भाजतात. ओल निघते, तेवढ्या मुदतीत कॉपी करून घेतात. मीही वाइंडिंग झाल्यावर स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजतो, ओल राहिली तर मोटर पहिल्याच पाण्याला जळते. हे वाचलं तेव्हा त्या न पाहिलेल्या इंजिनिअर माणसांबद्दल मला भाऊबंद सापडल्यासारखं वाटलं.

‘स्प्रिंग’च्या या आवृत्तीची माझी परीक्षा ‘साँग टू अ‍ॅब्सेंट फ्रेंड्स’ या छोट्या गाण्यावर झाली. पियानो आणि आवाज, बस. पंखा बंद केला, स्पीकरच्या जवळ बसलो. पियानोच्या मागे टेपची सळसळ ऐकू येते, बारीक, सारखी, कोरड्या गवतातून हवा जावी तशी. पियानोचा सूर विझत विझत त्या सळसळीत मिसळतो. ती सळसळ काढायचा मोह आवरला हे मला सगळ्यात मोठं काम वाटतं. सळसळ काढली की तिच्यासोबत त्या विझणाऱ्या सुराची शेपटीही जाते.

याच्या उलट अनुभव मी पैसे देऊन घेतलाय. दोन वर्षांपूर्वी 1973 च्या एका इटालियन अल्बमची सीडी मागवली. लेबलचं नाव लिहीत नाही. वरून सुंदर, आत चार पानांचं पुस्तक, त्यात बँडबद्दल एक ओळ नाही. लावली तर दुसऱ्याच गाण्यात दर फेऱ्याला एक टिक. 33 च्या गतीची एलपी एका फेऱ्याला पावणेदोन-एक सेकंद घेते. मी घड्याळ लावून मोजलं, टिक बरोबर तेवढ्याच अंतराने येत होती. म्हणजे ओरखडलेली एलपी. बाकीच्या टिकटिकी घालवायला सॉफ्टवेअर इतकं फिरवलं होतं की झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या येत होत्या. कॉम्प्युटरवर आवाजाच्या लाटा उघडून पाहिल्या तर सगळ्यांचे माथे एका उंचीवर कापलेले. गव्हावरून हार्वेस्टर गेल्यावर मागे उरतं तसं सपाट. आवाज मोठा वाटावा म्हणून असं करतात. मग हळू आणि जोरात यातला फरकच राहत नाही, आणि प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये अर्धी गोष्ट त्या फरकात असते. बँडच्या लोकांना त्यातून दमडी तरी गेली असेल का, हा विचार मला जास्त लागला.

‘स्प्रिंग’च्या सीडीच्या लाटा अशाच उघडून पाहिल्या. चढउतार जागच्या जागी आहेत.

दुसऱ्या सीडीवर तेव्हा कधीच न निघालेल्या दुसऱ्या अल्बमसाठीचं काम आहे. पहिल्याची उंची त्याला नाही. ‘हेंड्रे म्यूज’ मात्र मी वेगळं काढून ऐकतो. पहिल्या अल्बममधलंही सगळंच सोनं नाही. ‘इनसाइड आउट’ मला लांबलेलं वाटतं, आणि पॅट मोरानचा आवाज वरच्या पट्टीत ताणला जातो. पण ‘गोल्डन फ्लीस’ आणि शेवटचं ‘गेझिंग’, ही दोन गाणी माझ्यासोबत राहणार.

मुखपृष्ठाबद्दल एक सांगायलाच पाहिजे. ओढ्याकाठी पडलेला लाल कोटातला सैनिक, छायाचित्र कीफ या नावाने काम करणाऱ्या कीथ मॅकमिलनचं. मूळ एलपीचं कव्हर तीन पानी उघडायचं. बारा सेंटिमीटरच्या सीडीत ते चित्र लहान होणारच. जपानी कंपन्या यासाठी एलपीच्या कव्हरची हुबेहूब छोटी कागदी प्रतिकृती करतात, कडेला ओबी नावाची कागदी पट्टी लावून. किंग क्रिम्सनची तशी एक माझ्याकडे आहे, तिला मी हात धुऊनच हात लावतो. महाग फार पडतात. वाचायला मजकूर आणि ऐकायला आवाज हवा असेल तर इंग्लंडची आवृत्ती घ्यावी. मी ‘स्प्रिंग’ची पुस्तिका शब्दकोश घेऊन तीन रात्रींत वाचली.

सोबत क्रेसिडा या बँडचा संच मागवला होता, व्हर्टिगो लेबलवरचे 1970 आणि 1971 चे दोन्ही अल्बम एकत्र, एसोटेरिकनेच 2012 मध्ये काढलेले. दुसरा अल्बम ‘असायलम’ बाजारात येईपर्यंत बँड संपलाही होता. इथं भर हॅमंड ऑर्गनवर आहे. ‘म्युनिक’ हे नऊ मिनिटांच्या वरचं गाणं, ऑर्केस्ट्रासकट. ते ऐकण्यासाठी संच घेतला तरी पैसे वसूल. नव्याने ऐकणाऱ्याला मी क्रेसिडा आधी देईन, चाली लवकर ओळखीच्या होतात.

दोन्ही मिळून टपाल आणि कस्टम धरून मला साडेपाच हजारांच्या आसपास पडले. तीन मोटरींची मजुरी. आंबिया बहाराचे पैसे गावात आले की लोक उधारी देतात, तेव्हा ‘खान’ या बँडचं 1972 चं ‘स्पेस शँटी’ मागवणार आहे. त्यात स्टीव्ह हिलेजची गिटार आहे.

काल रात्री साडेअकराला लाइन आली. काका सायकल घेऊन दारात. मोटर कुठाय विचारलं तर म्हणाले, “मोटर चांगली चालू आहे. ते आठ सेकंदवालं लाव.”