शेकानंतरचा डायलेटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शेक (रेडिएशन) घेतल्यावर योनीमार्गात घालायच्या गुळगुळीत दांड्यांचा हा पाच आकारांचा, सिलिकॉनचा संच. यानं गर्भाशयमुखाचा कर्करोग परतण्याचा धोका तसूभरही कमी होत नाही. काम एवढंच: शेकानं योनीमार्ग आकसतो, वरच्या भागात भिंती एकमेकींना चिकटतात, ते टाळायचं. पण वाट बंद झाली की स्पेक्युलम (आतून तपासायचं उपकरण) आत जात नाही, आणि आजार नेमका तिथंच परतला तर डॉक्टरांना दिसणार कसा? नुसत्या पॅपवर (पेशी घेऊन केलेल्या तपासणीवर) विसंबता येत नाही, कारण शेकानं चांगल्या पेशींचंही रूप बदलतं. मग भूल देऊन तपासावं लागतं. गडचिरोली-चंद्रपूरहून नागपूर गाठणाऱ्या बाईला म्हणजे आणखी एक खेप.

आतली तपासणी करून डॉक्टर हो म्हणाले की सुरुवात, साधारण शेक संपल्यावर महिन्याभरानं. आठवड्यातून २-३ वेळा, ५ ते १० मिनिटं. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, सर्वांत लहान नगाला पाण्यात विरघळणारी जेली लावायची, टोक कमरेच्या दिशेला ठेवून हळू सरकवायचं. अडलं की थांबा, लांब श्वास सोडा, रेटू नका. काढताना हलकं फिरवत काढा. दुखणं पूर्ण थांबल्यावरच पुढचा आकार. पाचवा नंबर गाठलाच पाहिजे असं काही नाही.

घोटाळा जेलीत होतो. मेडिकलमध्ये नुसतं ‘जेली’ म्हटलं की बधिर करणारी लिग्नोकेन हाती पडते. दुखणं कळत नाही आणि इजा होते. सिलिकॉनयुक्त जेलीनं नग खराब होतो. धुवायला साबण-पाणी पुरे. टॉवेलचे तंतू चिकटतात, म्हणून जुन्या सुती कपड्यानं पुसा.

दोन खोल्यांच्या घरात कडी लावून दहा मिनिटं मिळवणं हीच खरी अडचण. अनेकींचं वापरणं तिथंच सुटतं.

वापरल्यावर गुलाबीसर डाग चालतो. लालभडक रक्त, न वापरताही जाणारं रक्त, घाण वासाचं पाणी, एकाच पायाला सूज, कमरेतून पायात उतरणारी कळ यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. बहुतेक वेळा आजार पहिल्या २-३ वर्षांत परततो, म्हणून पहिली २ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी, पाचव्या वर्षापर्यंत ६ ते १२ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. ओपीडीला जाताना सध्या कितवा नंबर जातो ते कागदावर लिहून न्या. आधी जाणारा नंबर अडू लागला असेल, तर तेही.