थंडीत काचा धुण्यासाठी थर्मोस्टॅटचा हीटर रॉड : दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

थंडीच्या दिवसांत बाहेरून काचा धुणाऱ्याची बोटे पहिल्या चार-पाच खिडक्यांतच बधिर होतात आणि बधिर बोटांना वायपरच्या मुठीवरचा दाब कळेनासा झाला की काचेवर पाण्याच्या रेघा राहू लागतात. हातमोजे घातले तरी ते आतून ओले होतातच. पाणी तापवून घेण्यावाचून गत्यंतर नाही, असे ठरवून मी बादलीत सोडायचा १५०० वॅटचा हीटर रॉड घेतला. त्याला २० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान ठरवण्याची चकती, एलिमेंटभोवती धातूची जाळी आणि पाणी संपल्यास आपोआप बंद होण्याची सोय आहे. त्याआधी माझ्याकडे साधा रॉड होता. तो लावून फोनवर बोलत राहिल्यामुळे एकदा पाणी उकळले आणि प्लॅस्टिकच्या बादलीला आतून फुगवटा आला, तेव्हापासून चकतीशिवायचा रॉड वापरायचा नाही असे ठरवले.

बादलीत १० लिटर पाणी, त्याचे तापमान ६ अंश आणि ते ४० अंशांवर न्यायचे, असा हिशेब केला तर सुमारे १४२० किलोज्यूल उष्णता लागते आणि १५०० वॅटचा रॉड ती सोळा मिनिटांत पुरवतो. प्रत्यक्षात मला झाकण ठेवून अठरा मिनिटे लागली, म्हणजे वॅटेजबाबत छापलेला दावा खरा आहे. चकतीबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. चकती ४० वर ठेवली असता दिवा विझला तेव्हा स्वयंपाकघरातला थर्मामीटर वरच्या थरात ४७ आणि बादलीच्या तळाशी २४ अंश दाखवत होता. यात सगळा दोष उपकरणाचा नाही. गरम पाणी हलके होऊन वर जाते आणि एलिमेंटच्या खालचे पाणी जवळजवळ तसेच राहते. परंतु या रॉडचा एलिमेंट तळापासून चांगला वीतभर वर राहतो आणि तापमान मोजणारा भाग एलिमेंटला खेटून बसवलेला आहे, ही रचनेतली चूक मानावी लागेल. पाणी अधूनमधून ढवळणे हाच त्यावर उपाय आहे. ढवळण्यापूर्वी प्लग काढण्याची शिस्त ज्याला पाळता येत नसेल त्याने ही वस्तू घेऊ नये.

आता पाणी तापवल्याने नेमके काय साधते, हे पाहू, कारण याविषयी खुद्द या कामातल्या लोकांतही गैरसमज आहे. गरम पाण्याने काच तापते आणि म्हणून त्यावर पाणी गोठत नाही, असे बरेच जण धरून चालतात. ४ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन १० किलो असते. पॅडने आपण त्यावर फार तर दीडशे मिलिलिटर पाणी लावतो. २ अंशांच्या काचेवर ४० अंशांचे एवढे पाणी लावले, तर वाऱ्याने होणारी घट सोडून दिली तरी दोघांचे तापमान साडेचार-पाच अंशांच्या आसपास येऊन थांबते. म्हणजे काच जेमतेम अडीच अंशांनी तापली. काचच शून्याखाली चार-पाच अंशांवर असेल, तर कोमट पाण्याचाही बर्फाचा पापुद्रा काही क्षणांत धरतो आणि तो वायपरच्या रबराखाली करकरतो. तशा दिवशी पाण्यात थोडे अल्कोहोल मिसळलेले किंवा मोटारीच्या काचेसाठी मिळणारे न गोठणारे द्रावण वापरावे, नाहीतर उन्हाची वाट पाहावी. हीटर रॉड तिथे कामाचा नाही.

मग उष्णतेचा उपयोग कुठे होतो? हात, पॅड, साबण आणि मळ या चार ठिकाणी होतो. ५ अंशांच्या पाण्याचा दाटपणा ४० अंशांच्या पाण्याच्या दुपटीहून अधिक असतो, त्यामुळे गार पाणी पॅडमधून नीट पाझरत नाही आणि चौकटीच्या कोपऱ्यांत लवकर शिरत नाही. पृष्ठताण, म्हणजे पाण्याला पसरू न देता थेंबांत गोळा करणारी ओढ, मात्र या दोन तापमानांत जेमतेम सात टक्क्यांनी कमी होतो. म्हणून काच नीट भिजवण्याचे काम साबणच करतो आणि पाणी गरम आहे म्हणून साबण टाळणाऱ्याला काचेवर थेंबांची नक्षी मिळते. स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा तेलकट थर आणि वाळून घट्ट झालेली पक्ष्यांची विष्ठा यांच्या बाबतीत फरक डोळ्यांनी दिसतो. गार पाण्यात मी ज्या डागावर तीन वेळा पॅड फिरवत असे, तो आता पॅड घडीभर दाबून ठेवला की मऊ होऊन सुटतो. थंडीने ताठ होणारी रबराची पट्टीही काम सुरू करण्यापूर्वी मिनिटभर बादलीत बुडवली की लवचीक होते. या एका सवयीने माझ्या रेघा सर्वांत जास्त कमी झाल्या.

चकतीवर ७० हा आकडा आहे म्हणून तिथवर जाण्याचा मोह टाळावा. फार गरम पाण्याची वाफ बाहेरच्या काचेवर धुके धरते, त्याखाली मळ उरला की गेला हे दिसत नाही आणि साबणाचे पाणी वायपर पोहोचण्याआधीच वाळू लागते. साधी काच एकाच ठिकाणी अचानक सुमारे ४० अंशांचा फरक बसल्यास तडकू शकते आणि कडेला आधीचा टवका असेल तर त्याहून लवकर. उष्णता देऊन कणखर केलेली काच पुष्कळ अधिक सोसते, परंतु समोरची काच कोणती हे दर वेळी ओळखता येत नाही. मी ढवळलेल्या पाण्याचे तापमान ३८ ते ४२ अंशांत ठेवतो आणि उकळते पाणी बर्फ धरलेल्या काचेवर कधीही ओतत नाही.

विजेबाबत दोन गोष्टी. २३० व्होल्टवर हा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, त्यामुळे एक्स्टेन्शनची तार गुंडाळीवरून पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळलेली तार आतल्या आत तापते. शिवाय ज्या जोडणीवर विजेची गळती ३० मिलीअँपिअर झाली की पुरवठा तोडणारा अर्थ लीकेज ब्रेकर नाही, तिथे मी हा रॉड लावत नाही. रॉडची स्वतःची तार जेमतेम हातभर आहे. ओल्या जमिनीवरच्या बादलीजवळ एक्स्टेन्शनचा जोड आणावा लागावा, अशी तार देणाऱ्या उत्पादकाने हे काम कधी केलेले दिसत नाही.

दुसऱ्या महिन्यात एलिमेंटवर पांढरा क्षार धरला आणि पाणी तापायला बावीस मिनिटे लागू लागली. पाणी तापले की त्यातला चुना एलिमेंटवरच बसतो, हे जड पाण्यात टळत नाही. पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये फक्त एलिमेंट तासभर बुडवून ठेवला आणि जुन्या टूथब्रशने घासला. जाळी मात्र सुटी होत नाही, त्यामुळे आतली बाजू अर्धीच निघाली.

झाकण कंपनी देत नाही, ही माझी शेवटची तक्रार. वाऱ्यात उघडी बादली अर्ध्या तासात ४० वरून ३२ अंशांवर उतरते आणि रॉड पुन्हा लावायचा तर काम थांबवावे लागते. मी बादलीच्या झाकणाला रॉडपुरती आणि पॅडपुरती अशा दोन खाचा कापून घेतल्या आहेत. आता एकदा तापवलेले पाणी सात-आठ खिडक्यांना पुरते आणि तोपर्यंत ते मळून बदलायलाच आलेले असते.