कॉलेज रोडची ‘रिस्क’ कार्यशाळा: सकाळ वसूल, दुपार वाया

कॉलेज रोडला शेअर मार्केटचे क्लास पायलीला पन्नास झालेत. त्यातल्याच एकाची रविवारची दिवसभराची कार्यशाळा केली, विषय ‘रिस्क मॅनेजमेंट’. फी अडीच हजार, जेवण धरून. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करायची आहे. मी नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेला माणूस. पुतण्या ऑप्शनमध्ये (ठरल्या भावानं पुढे घ्यायच्या-विकायच्या हक्काचे सौदे) उड्या मारतो, त्याच्यासोबत गेलो. बाकी सगळी पोरं पंचविशीतली, सातपूर-अंबडला नोकरी करणारी आणि डबा खाताना मोबाइलवर निफ्टी बघणारी. त्यांच्यात मी ‘काका’.

आधी चांगलं सांगतो. सरांनी चार्ट, कॅन्डल असलं काही काढलंच नाही. अख्खी सकाळ एकाच प्रकरणावर दिली: १९९८ साली बुडालेला अमेरिकेतला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा हेज फंड, म्हणजे मोजक्या श्रीमंतांचे पैसे घेऊन मोठे सौदे करणारा फंड. सॉलोमन ब्रदर्स या वॉल स्ट्रीटच्या पेढीतून बाहेर पडलेल्या जॉन मेरीवेदरनं तो १९९४ मध्ये काढला. भागीदारांत मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन. ऑप्शनची किंमत काढायच्या गणितात या दोघांची नावं आहेत, आणि १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेलही त्यांनाच. १९९५ आणि १९९६ या दोन्ही वर्षी फी वजा जाता ४० टक्क्यांच्या वर परतावा. हे ऐकल्यावर पोरं सरसावून बसली.

धंदा दिसायला बिनधोक. सरकारचा ३० वर्षांचा नवाकोरा रोखा जरा महाग असतो, साडेएकोणतीस वर्षं उरलेला जुना जरा स्वस्त. जुना घ्यायचा, नवा उसना आणून विकायचा, दोघांतला फरक मिटला की नफा. फरक किडुकमिडुक, म्हणून मग उसनवारी. १९९८ च्या सुरुवातीला स्वतःचे ४.७ अब्ज डॉलर आणि डोक्यावर कर्ज सुमारे १२५ अब्ज. सरांनी बोर्डावर सरळ भागाकार मांडला. डॉलरमागे पंचवीसच्या वर उसने. चार टक्के उलटं फिरलं की मुद्दल साफ.

मग कागद वाटले. प्रत्येकाला मुद्दल, कर्ज आणि एक फरक. सर एकेक आठवड्याचा भाव पुकारणार, आपण धरायचं की सोडायचं ते लिहायचं. फरक मिटायच्या ऐवजी वाढत गेला. पहिल्या बाकावरचा एक पोरगा दर वेळी आणखी घेत होता. ‘सर, आता तर अजून स्वस्त मिळतंय!’ त्याचं चुकलं असंही नाही, शेवटच्या ओळीत फरक खरंच मिटला. पण त्याच्या दोन ओळी आधीच त्याचं मुद्दल संपलं होतं. सरांनी लाल पेनानं ‘मार्जिन कॉल’ (उसने देणाऱ्याची आणखी पैसे भरायची मागणी) लिहिलं आणि कागद काढून घेतला. शेवटचा भाव पुकारला तेव्हा पोरगा शेजाऱ्याच्या कागदात डोकावत होता. ही दहा मिनिटं अडीच हजारांची.

१७ ऑगस्ट १९९८ ला रशियानं रुबलमधल्या सरकारी रोख्यांचे पैसे थांबवले आणि रुबल पाडला. जगभरातले सगळे पटकन विकता येतील अशा सुरक्षित रोख्यांकडे धावले, म्हणजे फंडानं लावलेल्या पैजेच्या बरोबर उलट. २१ ऑगस्टला एका दिवसात ५५ कोटी डॉलर गेले, महिन्याभरात ४४ टक्के. सुटावं म्हटलं तर घेणार कोण? ‘लासलगावला सगळ्यांचे ट्रॅक्टर एकाच सकाळी आले तर काय होतं?’ सरांनी विचारलं. निफाडकडची दोन पोरं हसली. समजलं त्यांना.

जेवण ठीक, मसालेभात गार.

जेवणानंतर मात्र गाडी घसरली. ‘शेवटी फेडनं (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) पैसे ओतून फंड वाचवला. मोठ्याला कोणी बुडू देत नाही,’ एवढं बोलून सर पुढच्या स्लाइडवर. मी हात वर केला. हयात नोटांच्या कारखान्यात गेली. मध्यवर्ती बँकेनं पैसा काढला म्हटलं की कान टवकारतात. फेडनं फंडात एक डॉलर घातला नाही. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्क फेडच्या इमारतीत बँकांचे प्रमुख बसले, बोलावणं न्यूयॉर्क फेडचे प्रमुख मॅकडोना यांचं. ३.६ अब्ज काढले ते १४ बँका आणि दलाल पेढ्यांनी, आणि बदल्यात ९० टक्के फंड घेतला. बेअर स्टर्न्स या पेढीनं खिशात हात घातला नाही. वाचले ते उसने देणारे. मालकांकडे उरला दहावा हिस्सा, आणि तो फंडही २००० साली गुंडाळला. फेडचा हात होता तो बैठक जमवण्यात, आणि नंतर नोव्हेंबरपर्यंत तीनदा पाव-पाव टक्का व्याजदर उतरवण्यात. त्यावरही अमेरिकेत टीका झालीच.

‘काका, अर्थ एकच ना?’ सर म्हणाले. कसा एकच? आपल्याकडे मार्च २०२० मध्ये येस बँकेचं काय झालं? खातेदारांना काही दिवस ५० हजारांची मर्यादा, रिझर्व्ह बँकेच्या योजनेत भांडवल स्टेट बँकेनं आणि इतर बँकांनी घातलं, आणि एटी-वन बॉण्डवाल्यांचे (बँक अडचणीत आली तर बुडू शकणारे जादा व्याजाचे रोखे) ८,४०० कोटी शून्य करून टाकले. घरचं एवढं ताजं उदाहरण सरांच्या स्लाइडमध्ये नाही. पोरांनी वहीत लिहून घेतलं ‘मोठ्याला बुडू देत नाहीत’. यांचं भांडवल लाखाच्या आतलं. यांच्यासाठी कोण बैठक बोलावणार?

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला आकडाही गायब: तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. तो कसा दाखवणार? चार वाजता ३५ हजारांचा ‘प्रो ऑप्शन’ कोर्स विकायला काढायचा होता. ‘आजच भरलं तर’ सूट, वर डिमॅट उघडायची लिंक. पुतण्यानं लिंक उघडली नाही, एवढं श्रेय सकाळच्या लाल पेनाला.

इमारतीखाली पार्किंग नाही, गाडी लांब लावावी लागते. जायचंच तर सकाळच्या सत्राला जा आणि जेवून निघा. अर्ध्या दिवसाची वेगळी फी ठेवा, असं मी फीडबॅक फॉर्मवर लिहून दिलंय.