आरटीएक्स ४०६० टीआय १६ जीबी, अमेरिकेतून आणलेलं: नागपुरात आठ महिने वापरून झाल्यावर

डिसेंबर २०२४ ला हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड हातात आलं आणि हे मी ऑगस्ट २०२५ मध्ये लिहितेय, म्हणजे नागपूरचा एक अख्खा उन्हाळा त्याने काढलाय, म्हणून आता लिहायला बसले. नवीन कार्ड लावल्या लावल्या लिहिलेल्या रिव्ह्यूंवर माझा फार विश्वास नाही, पहिल्या आठवड्यात सगळीच कार्डं छान चालतात.

आधी माझं काम सांगते, कारण कार्ड चांगलं की वाईट हे त्यावरच ठरतं. मी आर्किटेक्ट लोकांना इंटिरियरचे थ्रीडी रेंडर करून देते, मुख्यतः ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या सायकल्स या रेंडर इंजिनवर, अधूनमधून डी-फाइव्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि गेम फक्त रविवारी. आधी जीटीएक्स १६६० सुपर होतं, ६ जीबीचं. चांगलं कार्ड होतं, त्याच्यावर मी कमवायला लागले, पण तीन बेडरूमच्या फ्लॅटचा सीन घेतला, त्यात पडदे, गालिचा, लाकडाचे फोर-के टेक्स्चर टाकले की मेमरी भरायची आणि रेंडर मध्येच थांबायचा. मग टेक्स्चर बारीक करत बसा, नाहीतर रात्रभर प्रोसेसरवर लावून झोपा, आणि रात्री लाईट गेली की सकाळी क्लायंटला काय तोंड दाखवायचं. रॅम कमी पडली तर आपण अजून एक स्टिक आणून लावतो, ग्राफिक्स कार्डच्या मेमरीचं तसं नाही, घेताना जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. त्यामुळे यावेळी एकच गोष्ट पक्की होती, १२ जीबीच्या खाली बघायचंच नाही.

पर्याय बरेच पाहिले. सेकंडहँड ३०६० १२ जीबी स्वस्तात मिळत होतं, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं तेव्हापासून बाजारात जी जुनी कार्डं आलीत त्यातलं कुठलं किती रगडलेलं आहे ते बाहेरून कळत नाही, आणि मला जे भेटले त्यांच्याकडे बिलच नव्हतं. एएमडीचं आरएक्स ७८०० एक्सटी खूप मोहात पाडत होतं, १६ जीबी, मेमरीची बस (डेटा ये-जा करायचा रस्ता) २५६ बिटची, आणि गेमसाठी तर ४०६० टीआयपेक्षा सरळसरळ वेगवान. फक्त गेम खेळत असते तर तेच घेतलं असतं, हे मनापासून सांगते. पण सायकल्समध्ये एनव्हिडियाच्या कार्डवर ऑप्टिक्स हे त्यांचं स्वतःचं तंत्र चालतं आणि रेंडरचा वेळ त्याने खूप कमी होतो, एएमडीवर ब्लेंडर चालतं पण तेवढं पळत नाही. शिवाय ते २६३ वॉटचं, हे १६५ वॉटचं. माझा पॉवर सप्लाय ५५० वॉटचा, तो बदलायचा म्हणजे परत खर्च.

४०६० टीआय १६ जीबीवर जुलै २०२३ ला आलं तेव्हा भरपूर टीका झाली आणि ती चुकीची नव्हती. चिप ८ जीबीवालीच, वरच्या ८ जीबीसाठी १०० डॉलर जास्त, आणि मेमरीची बस १२८ बिटची, म्हणजे सेकंदाला २८८ जीबी, जुन्या ३०६० १२ जीबीला ३६० मिळतात. गेमवाल्याला हे पटणार नाहीच. पण ज्याचा सीनच मेमरीत मावत नाही त्याच्यासाठी हिशोब वेगळा असतो.

आता पैशाचं. सीताबर्डीत मला ४८,५०० सांगितले, ऑनलाइनही तेवढ्यातच. माझी मावसबहीण, आमची ताई, न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि डिसेंबरमध्ये लग्नाला येणारच होती. तिकडे ४४९.९९ डॉलर. इथे बरेच जण चुकतात, अमेरिकेत लेबलवरच्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो, न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, तो लावून ४७९.८० डॉलर झाले. जवळच्या डेलावेअर राज्यात विक्रीकर नाहीच, पण ३० डॉलरसाठी तिला एवढी गाडी चालवायला लावणं मला बरं वाटलं नाही. तेव्हा डॉलर साधारण ८४ रुपये ४० पैसे, म्हणजे जवळपास ४०,५००. आठ हजार वाचले. माझ्यासाठी आठ हजार म्हणजे दोन खोल्यांच्या रेंडरचे पैसे, छोटी रक्कम नाही.

कस्टमचं नीट बघून घेतलं होतं. आम्ही आणलं तेव्हा सोबतच्या सामानात ५०,००० रुपयांपर्यंत ड्युटी नव्हती, त्यावरच्या रकमेवर ३८.५ टक्के. ही मर्यादा माणशी असते, दोघांची मिळून एका वस्तूवर लावता येत नाही. ताईकडे एका नातेवाइकाने फोनही आणायला सांगितला होता, तो आणि कार्ड मिळून पन्नासच्या वर जात होतं म्हणून तिने फोनवाल्याला नाही सांगितलं, त्यावरून घरात जरा कुरबूर झाली पण ताईचं बरोबर होतं. बिल हँडबॅगमध्ये आणि कार्ड केबिनच्या बॅगेत कपड्यात गुंडाळून. बाबांनी दहा वेळा विचारलं की तिकडे ११० व्होल्ट असतात तर हे इथे जळणार नाही ना, तर नाही, कार्डला १२ व्होल्टचा डीसी करंट आपला पॉवर सप्लायच देतो, भिंतीतल्या करंटशी त्याचा थेट संबंध येत नाही.

कामाचं सांगायचं तर मी खूश आहे. जो लिव्हिंग रूमचा सीन १६६० सुपरवर २४ मिनिटं घ्यायचा तो आता साडेपाच मिनिटांत होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फेब्रुवारीत एका बंगल्याचा पूर्ण तळमजला एकाच सीनमध्ये केला, मेमरी ११ जीबीच्या वर गेली आणि रेंडर थांबला नाही. मी खुर्चीतून उठून आईला सांगायला गेले, तिला काही कळलं नाही पण ती खूश झाली. ८ जीबीवालं घेतलं असतं तर हे काम मला तुकड्यांत करावं लागलं असतं. माझा मदरबोर्ड जुना बी ४५० आहे, त्यात कार्ड लावायचा स्लॉट जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आणि हे कार्ड त्याच्या आठच लेन वापरतं, म्हणजे कार्डापर्यंतचा डेटाचा रस्ता अरुंद, याची भीती होती, पण रेंडरला फरक जाणवला नाही कारण सीन एकदा कार्डात चढला की पुढचं सगळं तिथेच होतं. गेम १०८०पी ला मस्त, १४४०पी ला सेटिंग थोडं उतरवून.

उन्हाळा मात्र वेगळा विषय आहे. मे महिन्यात बाहेर ४४, आणि माझ्या खोलीत एसी नाही, कूलर आहे. कार्ड ८० डिग्रीच्या वर जायला लागलं, पंखे पूर्ण वेगात, कानाला त्रास. मग आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा, ८० टक्क्यांवर आणली, साडेपाच मिनिटांचा रेंडर सहाच्या आत राहिला आणि तापमान सात-आठ डिग्रीने उतरलं. विदर्भात राहणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच करून टाका. आणि कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका हो, हवा गार लागते पण ओली असते, धूळ त्या ओलाव्याने कार्डाच्या फिन्सवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांवर) अशी चिकटते की ब्लोअरने निघत नाही, मला ब्रशने काढावी लागली.

जूनमध्ये एका पंख्यातून खरखर सुरू झाली. पंखा चालत होता, पण बेअरिंग गेलं होतं हे आवाजावरून कळत होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले तर सिरीयल नंबर टाकून लगेच सांगितलं, हे भारतातलं नाही, इथे घेता येणार नाही, जिथून घेतलं तिथे पाठवा. घेण्याआधी मी बॉक्सवरची तीन वर्षांची वॉरंटी वाचली होती, ती कुठल्या देशात चालते ते विचारलं नव्हतं. कुरिअरने अमेरिकेला पाठवायचं, परत येताना कस्टम, आणि तोवर काम बंद, ते शक्यच नव्हतं. शेवटी एका रिपेअरवाल्या दादांनी त्याच मॉडेलच्या पंख्यांची जोडी मागवून दिली, १,३०० रुपये आणि १५ दिवस. ते १५ दिवस परत १६६० सुपरवर काढले, एक काम दुसऱ्याला द्यावं लागलं. पंखा गेला म्हणून निभावलं. मेमरीची चिप गेली असती तर ४०,५०० गेलेच होते.

अजून एक गोष्ट नंतर कळली आणि ती मला जास्त लागली. माझ्या वर्गमैत्रिणीच्या फर्मने हेच कार्ड इथे ४८,५०० लाच घेतलं, पण फर्मच्या जीएसटी नंबरवर बिल बनवून. त्यात १८ टक्के जीएसटी म्हणजे जवळपास ७,४०० रुपये, ते तिला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे तिने भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळाले. तिला कार्ड पडलं ४१,१०० ला. माझ्यापेक्षा फक्त सहाशे रुपये जास्त, आणि इथली वॉरंटी तीन वर्षं. माझी उलाढाल २० लाखाच्या खाली, जीएसटी नंबर नाही, त्यामुळे मला ते जमलंच नसतं, पण ज्यांच्याकडे नंबर आहे आणि कार्ड धंद्यासाठीच घेताय त्यांनी आधी हे गणित करा, मग नातेवाइकांना फोन लावा.

दुबई, सिंगापूर, जपानबद्दलही मला विचारतात. दुबईत व्हॅट ५ टक्के, सिंगापुरात जीएसटी ९, जपानमध्ये १०, आणि पर्यटकाला तो कर सोडून मिळण्याची सोय तिन्हीकडे आहे, पण पासपोर्ट ज्याचा खरेदी त्याचीच लागते आणि तिथे राहणाऱ्याला ती सूट नसते. म्हणजे दुबईत नोकरी करणाऱ्या भावाला सांगून ते ५ टक्के वाचणार नाहीत. माझा स्वतःचा आकडा आता असा आहे, ३०,००० च्या आतलं कार्ड असेल तर बाहेरून आणूच नये, तीन-चार हजारांसाठी वॉरंटी सोडण्यात काही नाही. महागड्या कार्डात फरक १५ हजाराच्या वर असेल, माणूस येणारच असेल आणि ड्युटी-फ्री मर्यादा ओलांडून ड्युटी भरूनही तो फरक उरत असेल तर विचार करा.

आज घ्यायचं असेल तर हेच कार्ड घ्या असं मी म्हणणार नाही, एप्रिल २०२५ मध्ये एनव्हिडियाचं ५०६० टीआय आलं, १६ जीबीवालं आलं तेव्हा अमेरिकेत ४२९ डॉलर, मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी, आणि जून २०२५ मध्ये एएमडीचं ९०६० एक्सटी १६ जीबी, तेव्हा ३४९ डॉलरला. दोन्हीची ८ जीबीवाली आवृत्तीही त्याच नावाने विकतात, तेव्हा बॉक्सवर नीट बघा, दुकानदार चटकन ती पुढे करतो. धाकट्या मावसभावासाठी मागच्या महिन्यात ५०६० टीआय १६ जीबी घेतलं. ताई विचारत होती की दिवाळीला येताना आणू का, तिला सांगितलं तू नुसती ये, आणि सीताबर्डीतून घेतलं, बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला, आणि दुकानातच त्यांच्या मशीनवर लावून अर्धा तास पंख्यांचा आवाज ऐकत उभी राहिले.